बसून घेतलेलं माप

आमच्या बाई पुरुषांकडे बघत. सरळ बघत, डोक्यावरच्या टोपीपासून पायातल्या जोड्यापर्यंत. कुणाचा गैरसमज व्हायला नको म्हणून लगेच सांगते, की त्यांना माणसाशी काही घेणंदेणं नसे. त्या फक्त कपडे बघत. पण आमच्या सोलापुरात समोरून पुरुष आला की बायका नजर खाली टाकतात. मी तर समोरून कुणी येत नसतानाही खालीच बघून चालायची. त्यामुळे माणिक चौकात एखाद्या अनोळखी गृहस्थाला छत्रीनं अडवून, "अहो, तुमची तिसरी गुंडी चौथ्या काजात गेलीय," असं सांगणाऱ्या बाईंबरोबर चालणं ही मला शिक्षा वाटायची. गृहस्थ आधी चिडत, मग खाली बघत आणि मग तिथंच, रस्त्यात, गुंड्या सोडून पुन्हा लावत. बाई ते होईपर्यंत उभ्या राहत. गुंड्या बरोबर लागल्याशिवाय त्या कुणाला सोडत नसत.

बाई आमच्या शाळेत इंग्रजी शिकवीत. शाळेत मराठी बोललं की दंड होता आणि घरी इंग्रजी बोललं की आजोबा हसत. म्हणून मी दोन्हीकडे गप्प राहायची सवय लावून घेतली होती. बाईंना माझं गप्प बसणं खपायचं, खाली बघणं खपायचं नाही. "जमिनीवर काही लिहिलंय का?" असं त्या भर वर्गात विचारीत. मी मान वर करी, बाईंकडे बघे आणि त्या फळ्याकडे वळल्या की पुन्हा खाली.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. का, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आणि प्रत्येक घराला वेगळं ठाऊक होतं. वडील चाटी गल्लीत कापडाचे दलाल. आई लवकर गेली, तेव्हा ही मुलगी वडिलांबरोबर दुकानादुकानांतल्या गाद्यांवर लोळत वाढली. बाराखडीच्या आधी तिला अल्पाका आणि सर्ज या कोटाच्या कापडांतला फरक कळायला लागला. एवढं असून स्वतःच्या अंगावर मात्र दोनच पातळं, एक राखी आणि एक धुतल्यावर राखी झालेलं. कुणी विचारलं तर म्हणत, "मला कुठं बोहल्यावर चढायचंय?"

एकदा शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले. बाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली, वर्गाची माहिती दिली आणि मग शांतपणे विचारलं, "साहेब, हा कोट तुमच्या भावाचा का?" साहेब लाल झाले. कोट भावाचाच होता, खांदे एकेक बोट बाहेर आले होते. त्यांनी शेरा चांगला दिला आणि जाताना शिंप्याचा पत्ता विचारून गेले.

आमच्याकडे नवऱ्या मुलाचा पोशाख मुलीकडचे करतात. त्याच्या भावांनाही मानाचे कपडे द्यावे लागतात. त्या कपड्यांवरून जेवढे रुसवे होतात तेवढे दुसऱ्या कशावरून होत नसतील. म्हणून लग्न ठरलं की मुलीचा बाप मुहूर्ताला गुरुजींकडे जाई आणि पोशाखाला बाईंकडे. बाई कुणाकडून काही घेत नसत. त्यांची अट एकच होती. कापडाच्या दुकानात मुलीच्या बापानं बोलायचं नाही. "तुम्ही मुलगी दिलीत ना? झालं तुमचं काम," असं त्या सरळ तोंडावर सांगत. मोठमोठे वकील, मामलेदार दुकानाच्या पायरीवर पान चघळत बसलेले मी पाहिले आहेत.

हे सगळं सुरू झालं एका हॅटीमुळे. मुंबईहून वकिलीची परीक्षा देऊन आलेला एक नवरदेव बोहल्यावर सूट, टाय आणि हॅट घालून आला. मागचे चार मित्र तसेच. गुरुजींनी मुंडावळ्या बांधण्यासाठी हॅट काढायला सांगितली. नवरदेव काढेना. शेवटी हॅटीवरूनच मुंडावळ्या बांधल्या. मंगलाष्टकं सुरू झाली, दर सावधानाला अक्षता पडू लागल्या आणि हॅटीच्या काठात साठू लागल्या. अंतरपाट दूर झाला. नवरीनं हार उचलला, नवरदेवानं नम्रपणे मान लववली आणि पावशेर तांदूळ तिच्या डोक्यावर ओतला. पुढं होमाला मांडी घालताना त्याची पाटलोण फाटली. तो आवाज सनईतूनही ऐकू आला, असं बाई सांगत. ते बघून मागचे चौघे सावध झाले आणि पंगतीत खांबाला टेकून उभ्यानं जेवले.

दुसऱ्या दिवशी बाई शिंप्याकडे गेल्या. हे मास्टर म्हणजे पांढऱ्या दाढीचे, सुई तोंडात धरून बोलणारे गृहस्थ. बाईंनी त्यांना सांगितलं, यापुढे लग्नाच्या कपड्यांचं माप माणसाला मांडी घालून बसवून घ्यायचं.

"बाईसाब, मैं तो खडे आदमी का नाप लेतूं जी. बैठेले का कैसा लेना?"

"मास्टर, लग्नात नवरा उभा किती वेळ असतो? मंगलाष्टकं संपेपर्यंत. बाकी सगळं बसून. होम बसून, जेवण बसून, रुसणं बसून. तुम्ही माप घेता ते मंगलाष्टकांपुरतं."

मास्टरांनी तोंडातली सुई काढली. ती ते सहसा काढत नसत. "बात तो सही है जी," ते म्हणाले.

तेव्हापासून चाटी गल्लीतल्या कापडदुकानाच्या माडीवर, मास्टर मापं घेत तिथं, एक पाट आला. नवरदेव पाटावर मांडी घालून बसे, मास्टर टेप घेऊन गुडघ्यांवर भोवती फिरत आणि बाई छत्री टेकून हुकूम सोडत. "आता तूप सोड होमात. हात लांब कर. अजून. आता सासऱ्याच्या पाया पड. आता हार घाल. समजा बायको बुटकी आहे. आता समजा उंच आहे." एकजण म्हणाला, "बाई, बायको एकच आहे हो." बाई म्हणाल्या, "कोट पण एकच आहे. वर कर हात."

बाईंचं सगळंच बरोबर असे असं मात्र नाही. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मित्रांना सारखे किरमिजी फेटे बांधायला लावले, वर सारखे कोट. मुलं देखणी दिसत होती. पण वाढप्यांनी त्यांना बँडवाले समजून मागच्या अंगणात, बँडच्या पंगतीला नेऊन बसवलं. त्यातल्या एकाला तर जेवण झाल्यावर, "वरातीला जरा जोरात वाजवा की," असंही कुणी बजावलं. त्यानंतर बाईंनी मित्रांना एकसारखे कपडे कधी दिले नाहीत. चूक मात्र मान्य केली नाही. "फेट्यांत काही वाईट नव्हतं," त्या म्हणत, "वाढप्यांची नजर वाईट."

आणि एवढी मेहनत करून त्या लग्नाला जेवायला कधी थांबत नसत. नवरदेव मांडवात शिरताना कोपऱ्यावरून बघत, खांदे, गळा, धोतराचा घोळ, आणि छत्री उघडून घरी जात. आईनं एकदा आग्रह केला तर म्हणाल्या, "नको हो. जेवताना लोक आपल्या कपड्यांचं जे करतात ते मला बघवत नाही."

आता बाई विजापूरला भाच्याकडे असतात. तिथल्या नवरदेवांचं काय होत असेल ते होत असो. मला सांगायचं आहे ते माझ्या लग्नाचं.

माझं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. मुलगा सोलापुरातलाच, गिरणीच्या रंगखात्यात चांगल्या हुद्द्यावर. बघायला आले तेव्हा प्रश्न सगळे त्यांच्या मामांनी विचारले. मी उत्तरं सतरंजीला दिली. सतरंजीच्या पलीकडे खुर्चीखाली दोन करडे मोजे होते, स्वच्छ, उजव्याला अंगठ्याशी बारीक रफू. मी तेवढंच पाहिलं. संध्याकाळी आईनं विचारलं, "पसंत आहे ना गं?" मी मान खाली घातली, म्हणजे ती खालीच होती. घरात पेढे वाटले.

चार दिवसांनी वडील पोशाखासाठी बाईंना भेटून आले आणि त्याच संध्याकाळी बाई माझ्याशी बोलायला आमच्या घरी, माडीवर आल्या.

"कसा आहे गं मुलगा?"

"बरे आहेत."

"बरे म्हणजे? मला रंग सांग, मान सांग. गोरा की सावळा?"

मी कोपऱ्यातल्या पाटाकडे बघत राहिले.

"उंच आहे?"

"बसलेले होते."

"मग बसलेला केवढा होता?"

"बाई," मी म्हटलं, "मी मोजे पाहिले."

मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. पाटावर बसल्या आणि छत्री मांडीवर आडवी घेतली. "मोज्यांना होकार दिलास तू?"

"मला कुणी नीट विचारलंच नाही."

"तू वर बघितलं असतंस तर विचारावं लागलं असतं." मग त्यांचा आवाज खाली आला. "हे बघ. पत्रिका अजून छापायच्या आहेत. परवा तो आणि त्याचे चार मित्र माप द्यायला येणार आहेत. तू येशील. बघशील. नको वाटला तर मला सांग, तुझ्या वडिलांशी मी बोलेन. मी बोलले की ते ऐकतात. पण पत्रिका छापल्या की मग माझंही कुणी ऐकणार नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. नको म्हणता येईल हे मला तोवर सुचलंच नव्हतं, आणि आता सुचल्यावर ते डोक्यातून जाईना.

वडील अर्थात बिथरले. "बाई, नवरी मुलगी कापडाच्या दुकानात? तेही मुलाचं माप घेताना?"

"वकीलसाहेब, मापं लिहायला माणूस लागतो. मास्टरांना लिहिता येत नाही आणि मी छत्री धरून लिहू कशी? तुमच्या मुलीचं अक्षर चांगलं आहे. मीच घोटून घेतलंय."

"पण लोक..."

"आपली अट लक्षात आहे ना?"

मापाच्या दिवशी वडीलही दुकानाच्या पायरीवर पान चघळत बसले.

चाटी गल्लीत त्या दिवशी ऊन असं होतं की दुकानांचे पडदे पाणी मारून ओले केले होते. मालक लिंगायत, जाडजूड, गळ्यात चांदीचं लिंग. "या की बाई, बसा की. लई दिसांनी," म्हणत त्यांनी आम्हाला माडीवर नेलं. भिंतीला मोठा आरसा, पांढरी गादी, मध्ये पाट, मास्टर टेप घेऊन तयार. मी दाराजवळच्या कोपऱ्यात कागद-पेन्सिल घेऊन बसले. मित्रांचं कारण असं, की मुलाला सख्खे भाऊ नव्हते. भावांच्या मानाचे कपडे या चार मित्रांना द्यावेत असा त्यांच्या घरून निरोप होता.

जिन्यावर पावलं वाजली. पाचजण आत आले. मी सवयीनं खाली बघून करडे मोजे शोधले.

मुलगी बघायला जाताना ठीक, पण एरवी वैशाखात सोलापुरात मोजे कोण घालतो? सगळे पाय उघडे होते.

ओळख कुणी करून देणार नव्हतं, कारण नवरीनं नवऱ्याला बघितलं नसेल हे तिथं कुणाच्या मनातही येणार नव्हतं. मित्र आपसात थट्टा करतील, त्यावरून कळेल अशी एक आशा होती. ती बाईंनीच संपवली. "माप होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. बोललं की छाती हलते आणि कोट खोटा बसतो." पाचही माणसं शाळेतल्या मुलांसारखी गप्प झाली.

मग मी वर बघितलं. दुसरा उपाय नव्हता.

एकजण चष्मेवाले, सगळा वेळ छताकडे बघत होते. एकाची मान तालमीतली, मास्टरांची टेप तिथं पुरेना. एक खादीचे. त्यांनी नियम मोडला. "मी गिरणीचं कापड अंगाला लावत नाही," असं मोठ्यानं म्हणाले. बाई म्हणाल्या, "लावू नका. मालक, खादी काढा. आणि तुम्ही तिला इस्त्री करा, स्वराज्य लांबणीवर पडणार नाही." चौथे उंच, गोरे, सुंदर. ते आरशासमोर उभे राहिले आणि तिथून हललेच नाहीत. मास्टरांनी पाटावर बसायला सांगितलं तर आधी पाट आरशाकडे तोंड करून फिरवून घेतला. माप झाल्यावर मास्टरांच्या खांद्यावर हात टेकून उठले, आणि उठताना मास्टरांकडे त्यांनी बघितलंही नाही.

हेच, असं माझ्या मनानं घेतलं. नवरदेव म्हणून कुणालाही हेच दाखवावेत असे होते. मालकही त्यांच्यापुढे सारखे नवे तागे उलगडत होते. मी त्यांच्या छातीचं माप लिहिलं आणि त्या आकड्याकडे बघत बसले. या माणसाच्या घरात मी जन्मभर आरशाच्या मागच्या बाजूला राहीन, असं मला वाटलं.

पाचवे गृहस्थ जाड होते. ते पाटावर बसले आणि बाईंनी बोलू नका म्हटलं होतं ते त्यांनी फारच मनावर घेतलं. श्वासच धरला. कान लाल झाले. मास्टर म्हणाले, "सांस लो जी, साब." त्यांनी मान हलवून बाईंकडे बोट दाखवलं. मला हसू आलं, ते मी कागदाआड लपवलं.

बाई वाकून माझ्या कानाशी आल्या आणि इंग्रजीत विचारलं, "काय ठरलं?"

"नको," मी म्हटलं.

"कोण नको?"

"ते उंच. आरशातले."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "ठीक. मी खाली जाते आणि वकीलसाहेबांना सांगते." त्या सरळ झाल्या. दाराशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "पण तोच नवरा मुलगा आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग?"

"तुम्ही विचारा ना, बाई."

"मी का विचारू? मला कोणीही असला तरी कोटच शिवायचाय."

त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. खाली पायरीवर वडिलांच्या खोकल्याचा आवाज आला. मी पेन्सिल खाली ठेवली. आणि मी इतक्या मोठ्यानं बोलले की मास्टरांच्या हातातली टेप सुटली.

"तुमच्यापैकी नवरदेव कोण आहेत?"

मालकांनी ताग्यावरचा हात तसाच ठेवला. चष्मेवाले छतावरून खाली आले. चौघांनी एकदम पाटाकडे बघितलं. पाटावरच्या जाड गृहस्थांनी हात वर केला, वर्गात करतात तसा, आणि परवानगीसाठी बाईंकडे बघितलं.

"बोला," बाई म्हणाल्या.

त्यांनी धरलेला श्वास सोडला. "मी. तुम्ही त्या दिवशी वर बघितलंच नाहीत, तेव्हाच मला शंका आली होती. घरी म्हटलंही, मुलीनं मला बघितलं नसेल तर हा होकार कसला? आई म्हणाली, गप्प बस, बघितल्यावर नको म्हणाली म्हणजे?"

तालमीतले मित्र तोंडावर हात धरून हसत होते. "अरे, शेवटी विचारलं की रे तिनं!"

"तेव्हा आता बघा," ते मला म्हणाले. "पण जरा लवकर. मांडीला मुंग्या आल्यात."

मी बघितलं. चेहरा गोल, सावळा. केसांचा भांग सरळ काढायचा प्रयत्न केलेला. कान अजून लाल. हात मांडीवर ठेवले होते आणि नखांच्या कडांना निळा रंग होता, गिरणीतला, धुऊन न गेलेला. मी बघत असताना ते हलले नाहीत. छाती फुगवली नाही, पोट आत ओढलं नाही. एकदाच, लाजून, ती नखं आत वळवली.

बाई माझ्याकडे बघत होत्या. "मग? खाली जाऊन काय सांगू?"

मालकांनी नवरदेवासाठी म्हणून काळ्या अल्पाकाचा तागा पाटाजवळ आणून ठेवला होता. बाईंनीच तो काढायला सांगितला होता. त्याच्यापलीकडे, कुणी न उलगडलेलं, बदामी टसर होतं.

"ह्यांना काळा नको," मी म्हटलं. "ते बदामी."

"बदामी?" बाईंना खरोखरच धक्का बसला. "अगं, त्यात तो आणखी जाड दिसेल."

"दिसू देत."

पाटावरून कुणीतरी जोरात हसलं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मी बाईंकडे. मग त्या मालकांकडे वळल्या.

"ऐकलंत ना? फाडा."